कोल्हापूरच्या कलावंतांना मातीनं घडवलं की दरबारानं?

तांबडा_माळ (धागाकर्ता)

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. पोरांना निसर्गचित्र काढायला सांगितलं की ठरलेलं येतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड. वर्गाच्या खिडकीतून मसाईचं पठार दिसतं. ते माथ्यावर अगदी सपाट, कडेला जांभ्याचा तांबूस कडा, आणि नारळ तर औषधालाही नाही. डोळ्यांसमोरची जमीन कागदावर यायला इतकी अवघड का जाते, यावर बोलावं म्हणून हा धागा काढला.

माझं म्हणणं आधी मांडतो. कोल्हापूर भागानं चित्रकार, लेखक, गीतकार, सिनेमावाले एवढे दिले त्याचं श्रेय आपण सगळेच इथल्या निसर्गाला देतो. पण हा निसर्ग देखणा आहे म्हणून कला झाली, हे मला पटत नाही. देखणे डोंगर सह्याद्रीत जागोजागी आहेत. इथली जमीन राबती आहे. नांगरलेली, भिजवलेली, बांध घातलेली, गहाण पडलेली, भावाभावांत वाटली गेलेली. ज्यांनी ती चांगली रंगवली किंवा लिहिली, त्यांचा तिच्याशी रोजचा व्यवहार होता.

आबालाल रहिमान घ्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला, १९३१ मध्ये गेले. या माणसानं रंगवलं काय? कोटितीर्थ तलाव, रंकाळा तलावातला संध्यामठ, पंचगंगेचा काठ. घरातून चालत जाता येईल एवढाच टापू. पण सकाळचं पाणी वेगळं, तिन्हीसांजेचं वेगळं, ढगाखालचं वेगळं. एवढ्या छोट्या टापूत एवढं दिसायला तिथं रोज जावं लागतं.

दुसरे बाबूराव पेंटर. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांनी सुरुवातीला नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जंगल, राजवाडा, रस्ता असं सगळं त्या पडद्यांवर असायचं. पुढं बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपट केले आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' केला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात मजुरीला जातो, एवढी गोष्ट. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांचं. मूकपट होता. त्यातल्या अंधारात बुडालेल्या झोपडीचं आणि तिच्यासमोर रडणाऱ्या कुत्र्याचं दृश्य ज्यांनी पाहिलं ते कधी विसरले नाहीत. आयुष्यभर देखणे पडदे रंगवणाऱ्या माणसाला गावचा देखावा दाखवायची वेळ आली तेव्हा त्यानं झोपडी आणि अंधार निवडला. मला त्या निवडीचं फार मोल वाटतं.

तुम्हाला कोल्हापूरची जमीन कुठल्या चित्रात, गोष्टीत, गाण्यात खरी सापडली? पर्यटनाच्या जाहिरातीतला निसर्ग नको, आपला सांगा.

---

पेठेतला

सर, धागा छान, पण मुद्दा मला मान्य नाही. जमीन साताऱ्यातही आहे, सांगलीतही आहे, कोकणात तर तुमच्यापेक्षा हिरवी आहे. कलापूर म्हणायची वेळ एकट्या कोल्हापुरावर आली ती दरबारामुळं. शाहू महाराज १८९४ ला गादीवर आले आणि १९२२ ला गेले. मधल्या अठ्ठावीस वर्षांत या गावात काय काय उभं राहिलं ते बघा. खासबागेचं मैदान, पॅलेस थिएटर (आजचं केशवराव भोसले नाट्यगृह), आबालाल, आणि सगळ्यात मोठं नाव उस्ताद अल्लादिया खाँ.

खाँसाहेब मूळचे राजस्थानकडचे. जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली, इथून पसरली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही त्यांच्याच शिष्यपरंपरेतली नावं. त्या गायकीतली पेचदार तान, अनवट रागांचा संग्रह, जोडरागांची बांधणी यात पंचगंगेचं पाणी कुठं दाखवता? ती बुद्धीची आणि तालमीची गायकी आहे. तिला दरबारानं निर्धास्त वेळ दिला आणि या गावानं कान दिले. देवल क्लब ही इथली गाण्याची संस्था १८८३ पासून आहे. गाणं ऐकायला बसायची सवय त्या खोल्यांमध्ये लागली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा रात्रीत सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. म्हातारी माणसं रडत होती. ती एका इमारतीसाठी रडत होती. डोंगर कुठं जात नाही, पण जागा जळाली की कलावंत उघड्यावर येतो. म्हणून जागेबद्दल आणि आश्रयाबद्दल आधी बोलूया.

---

तांबडा_माळ

पेठेतले, अल्लादिया खाँसाहेबांबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे मान्य. मी त्यांना मातीच्या खात्यात ओढणार नाही. पण गोविंदराव टेंब्यांचा विचार करा. जन्म करवीर तालुक्यातल्या सांगवड्याचा, १८८१ चा. खाँसाहेबांच्या सहवासात वाढले, हार्मोनियम वाजवली, आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'ला संगीत दिलं, तेव्हा प्रभात कोल्हापुरातच होती. खेड्यातला पोरगा देवल क्लबच्या खोलीपर्यंत पोचला. खोली हवीच, पण ती भरली कुणी तेही बघायला हवं.

आणि दरबारानंच जमीनही बदलली. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं. आज भोगावतीकाठी जो बारमाही हिरवा पट्टा दिसतो, जो आपण 'निसर्ग' म्हणून रंगवतो, तो त्या पाण्याचा आहे. आबालालनी पाहिलेला काठ आणि आज माझे विद्यार्थी पाहतात तो काठ एक नाही.

---

रंगपेटी

मी व्यवसायानं चित्रकार, जलरंगात काम करते. थोडं हातातल्या कामाबद्दल लिहिते, कारण निसर्गचित्रावर बोलताना ते नेहमी राहून जातं.

कोल्हापूरचा जुलै रंगवणं हे वेगळंच प्रकरण आहे. रंकाळ्यावर सकाळी बसलात तर ढग इतका खाली असतो की समोरचा काठ दिसत नाही, नुसती एक गडद रेघ. हवेत ओल एवढी की पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळतच नाही. वर दुसरा रंग टाकला की तो पसरतो, कडा विरघळते. बाहेरगावहून आलेले चित्रकार वैतागतात, ड्रायर शोधतात. इथले जुने लोक त्या ओलीच्या भरवशावरच काम करायचे. झाडाची कड धूसर हवीच असते, ती हवा करून देते. तुम्ही फक्त कुंचला कधी उचलायचा ते ठरवायचं. मला शिकवणारे गुरुजी म्हणायचे, पावसाळ्यात रंग कमी आणि थांबणं जास्त.

याच्या उलट चंद्रकांत मांडरे. लोक त्यांना सिनेमातले चंद्रकांत म्हणून ओळखतात, पण राजारामपुरीत त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे, तिथं जाऊन त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघा. कोरडी पूड कागदावर घासून चढवायची. पाणी नाही, त्यामुळं ओघळ नाही, चमक नाही. दूरचा डोंगर, धुकं, ओल्या रानावरचा उजेड हे सगळं त्यांनी कोरड्या पुडीतून आणलं. घोड्यावर बसून तलवार चालवणारा रांगडा नट इतक्या हलक्या बोटांनी काम करत होता, हे प्रत्यक्ष चित्रांसमोर उभं राहिल्यावरच कळतं.

आणखी एक गोष्ट, जी अजून कुणाला नीट जमलेली मी पाहिली नाही: पहाटेचं गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीवर वाफ. वाफेचा खालचा भाग जाळामुळं केशरी, मधे राखाडी, आणि वरचा आकाशाच्या उजेडानं निळसर. हे तिन्ही रंग एकाच वाफेत. त्यात गुळव्या काहिलीवर वाकून मळी काढत असतो, त्याचा चेहरा क्षणात दिसतो, क्षणात जातो. मी अजून प्रयत्न करते आहे. गुऱ्हाळं मात्र वर्षागणिक कमी होताहेत, ऊस कारखान्याला जातोय. चित्र जमायच्या आत गुऱ्हाळ राहील का, याची मला खरंच काळजी वाटते.

---

हलगी_घुमकं

रामराम मंडळी. मी काय लई शिकल्याला न्हाई, पर ह्यो धागा वाचून ऱ्हावलं न्हाई.

पेठेतले दादा, दरबारी गाण्याचं तुमचं खरं हाय. पर आमचं वाजिवणं दरबारात शिकल्यालं न्हाई. हलगीचं कातडं शेळीचं. पावसाळी हवा लागली की ते ढिलं पडतंय, आवाज बसतोय. म्हून वाजवायच्या आदी चगाळ-चिपाड पेटवायचं आनि हलगी शेकून घ्यायची. बोटानं टिचकी मारून बघायचं, टण्ण वाजली की उचलायची. एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. खासबागंत कुस्ती लागली की पैलवानाच्या अंगात हलगी भिनती. आमच्या गावच्या हवंनंच शिकिवलंय आमाला, कवा शेकायची आनि किती शेकायची. हे कुठल्या शाळंत शिकिवत न्हाईत.

आमचा आज्जा मोटंवर गायचा. बैल धावंवरनं खाली उतरत्यात तवा एक वळ, मोट वर येऊन थारोळ्यात वतली जाईस्तवर सूर लांबवायचा, आनि बैल माघारी सरत्यात तवा गप्प. त्येच्या गाण्याला मातरा हुत्या त्या बैलाच्या पावलाच्या. इंजान आलं, मोट गेली, आनि ते गाणंबी गेलं. इंजनावर कोन गानार?

चैतात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या चढत्यात तवाचा आवाज ऐका कवातरी. खालच्या वाडीत हुबं ऱ्हायलं तर ढोल कानाला न्हाई, पायाला लागतोय. आनि पट्टणकोडोलीच्या इठ्ठल-बिरदेवाच्या जत्रंत भंडाऱ्यानं माणूस, ढोल, जमीन सगळं पिवळंधम्मक हुतंय. धनगरी ढोलाचा ठेका चालायचाच हाय, मेंढरामागं दिसभर चालणाऱ्या माणसाचा. बसून वाजवायचा ठेका न्हाई तो.

---

दूधगंगा

हलगीदादा, पट्टणकोडोलीचं नाव निघालंच आहे तर सांगते. शंकर पाटील त्याच गावचे. मी मराठीची शिक्षिका, कागलकडची, तेव्हा लेखकांची बाजू माझ्याकडं.

१९५८ मध्ये त्यांचा 'वळीव' हा कथासंग्रह आला. वळीव म्हणजे काय हे इथल्या कुणालाही समजवावं लागत नाही. वैशाखातली तलखी, दुपारी अचानक काळं होणं, धुळीचा लोट, गारा, आणि अर्ध्या तासात सगळं शांत. शंकर पाटलांच्या कथेतली माणसंही अशीच पेटतात. भाऊबंदकीत, तमाशाच्या फडात, पंचायतीच्या ओट्यावर. ते जमिनीचं वर्णन फार करत नाहीत. माणूस बोलायला लागला की त्याच्या मागचा बांध, विहीर, गोठा आपोआप उभा राहतो. निसर्गवर्णनाचे परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडून हे शिकावं.

आनंद यादव कागलचे, म्हणजे आमचेच. त्यांची सुरुवात कवितेपासून, 'हिरवे जग' १९६० चं. पण जमीन आणि माणूस यांच्यावर मला त्यांचं सगळ्यात मोठं पुस्तक वाटतं ते 'गोतावळा', १९७१ चं. नारबा नावाचा गडी, स्वतःचं असं कुणी नाही, मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून जायला लागतात. सगळी कादंबरी नारबाच्या तोंडून, कागल भागाच्या बोलीत. प्रमाणभाषेत ती लिहिलीच जाऊ शकली नसती. वर हलगीदादांनी मोट आणि इंजिनाबद्दल जे लिहिलंय ना, तेच दुःख नारबाचं आहे. हरितक्रांतीचे गोडवे गाणारी भाषणं त्या काळात गावोगाव होत होती, तेव्हा एका लेखकानं गोठा रिकामा होताना पाहिला. पुढं 'झोंबी' या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ते पुस्तक घरोघरी गेलं. 'गोतावळा' त्या मानानं मागं राहिलं, याचं मला वाईट वाटतं. मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना त्यातली पानं वाचून दाखवते, अभ्यासक्रमात असो नसो.

मातीबद्दल सरांशी सहमत, पण एक पुस्ती. यादवांच्या लेखनात मळा म्हणजे स्वर्ग नाही. शिकायचं म्हटलं की मळा आडवा येतो, बाप आडवा येतो. 'झोंबी' हे जमिनीच्या प्रेमाचं पुस्तक आहे आणि जमिनीतून सुटण्याच्या धडपडीचंही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा.

---

घनसाळ

सगळी चर्चा करवीर-कागलातच फिरतेय. आम्ही आजरा-चंदगडवाले पण याच जिल्ह्यात राहतो!

या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि पूर्वेला शिरोळात ५००-६०० च्या आसपास. मधलं अंतर जेमतेम १०० किलोमीटर. एकीकडं इरलं पांघरून चिखलात रोप लावणारी बाई, दुसरीकडं आभाळाकडं बघत बसलेला काळ्या रानाचा धनी. या दोघांची गोष्ट एकच कशी असेल?

कृष्णात खोत वाचा. पन्हाळा भागातले, पेशानं शिक्षक. त्यांच्या 'झडझिंबड'मध्ये पाऊस काही सौंदर्य म्हणून येत नाही. तो लागून राहतो. घरात ओल, चुलीत ओल, जनावराच्या खुरात ओल, माणसांच्या बोलण्यात ओल. मी आजऱ्यात वाढलो. आठ-आठ दिवस सूर्य न दिसलेल्या घरात माणसं कशी चिडचिडी होतात, कशी एकमेकांना धरून बसतात, हे मला त्या पुस्तकाआधी कुठंच छापलेलं दिसलं नव्हतं. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'रिंगाण'ला मिळाला. धरणामुळं उठलेलं गाव, आणि जुन्या गावच्या रानात मागं राहून रानटी झालेली म्हैस. तिला आणायला गेलेला माणूस. तांबडा_माळ सर, तुम्ही धरणानं हिरवळ आली म्हणालात. खरंच आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला काय झालं तेही कुणीतरी लिहायला हवं होतं, ते या माणसानं लिहिलं.

चंदगडात ताम्रपर्णीकाठी कोवाड. रणजित देसाईंचं गाव. पेशव्यांवर, शिवाजी महाराजांवर लिहिणाऱ्या लेखकाचं सगळं आयुष्य त्या नदीकाठच्या वाड्याशी बांधलेलं होतं. आणि गारगोटीकडचे राजन गवस. 'तणकट'ला २००१ चा साहित्य अकादमी. भुदरगडचा माळ, जोगत्यांचं जिणं, गावातलं जातीचं राजकारण. सुंदर निसर्गाच्या शोधात कुणी ती पुस्तकं उघडली तर ती अंगावर येतील.

---

कोपीतला

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. सध्या शिवाजी विद्यापीठात शिकतो. लहानपणी दर हंगामाला आईबापांबरोबर ऊसतोडीला याच भागात यायचो. म्हणून मलाही या जमिनीबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो.

तुम्ही सगळे जो हिरवा पट्टा म्हणताय, तो आम्ही आतून पाहिलाय. दिवाळीनंतर उसाला तुरे येतात. रस्त्यावरून जाणारे फोटो काढतात, पांढरे तुरे उन्हात छान दिसतात. आत शिरलं की पात्यानं हात-तोंड कापतं. माझे आईबाप म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची नावं नसतात, एक कोयता एवढीच नोंद. पहाटे अंधारात फडावर जायचं, बापानं तोडायचं, आईनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या. उसाच्या पाचटाची कोपी, पुढं तीन दगडांची चूल. थंडीत पाचट पेटवून शेकायचं. आई वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठ-मिरची आणायची.

त्या फडावर गाणी होती. आमच्या भाषेतली, आमच्या गावाकडच्या देवांची. कोल्हापूरच्या मातीत ती म्हटली गेली, पण कोल्हापूरच्या कलेच्या कुठल्याही यादीत ती नाहीत. माझी तक्रार नाही, पण राबत्या जमिनीची कला असं म्हणत असाल तर राबणारे मोजताना कोप्या सुटू नयेत. मी आईच्या गाण्यांची वही करतोय. ती मोबाईलवर म्हणते, मी उतरून घेतो. कोयता हातात नसला की तिला पुढची ओळ आठवत नाही. मग ती हातानं तोडल्यासारखं करते आणि ओळ येते.

---

दूधगंगा

कोपीतला, बाळा, ती वही पूर्ण कर. ओळीबरोबर हात कसा हलतो तेही लिहून ठेव, कुठल्या हिसक्यावर कुठला शब्द पडतो ते. जमलं तर व्हिडिओ घे. छापताना मदत लागली तर मला व्यक्तिगत निरोप पाठव, मी मनापासून मदत करीन.

---

नदीकाठ

शिरोळची लेक, सध्या पुण्यात. कोपीतलाचा प्रतिसाद वाचून माझ्या आज्जीची आठवण झाली म्हणून लिहिते.

जात्यावरच्या ओव्या हे बायकांचं निसर्गचित्र होतं असं मला वाटतं. आज्जीनं आयुष्यात माहेर, सासर आणि नरसोबाची वाडी सोडून फार काही पाहिलं नव्हतं. पण तिच्या ओव्यांत जोतिबाचा डोंगर, कृष्णा-पंचगंगेचा संगम, भावाचा मळा, सासरच्या वाटेवरची बाभळ हे सगळं येई. डोंगराचं नाव आलं की तिथं देव, नदीचं नाव आलं की पलीकडं माहेर. नुसता डोंगर, नुसती नदी एकाही ओवीत नाही. पहाटे अंधारात जात्यापाशी बसून ती हे सगळं बघायची.

आमच्या शिरोळकडं निसर्ग म्हटलं की आता पहिली आठवण पुराची. २००५, २०१९, २०२१. पाणी ओसरल्यावर घरांच्या भिंतीवर मातीची रेघ राहते, सगळ्या गल्लीत एकाच उंचीवर. आमच्या घरात ती देवळीच्या वर आहे. माझा भाऊ रंग द्यायला निघाला तर आईनं तेवढी भिंत राहू दे म्हटलं. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळातही पाणी आलं होतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांनी त्या काळ्या दगडात हत्ती, नर्तकी, वेली कोरल्या त्या नदीच्या इतक्या जवळ बसून, म्हणजे त्यांनाही नदी ठाऊक असणार. पुरावर आमच्या भागातल्या कुणी मोठी कादंबरी लिहावी, कुणी चित्रमालिका करावी, याची मी वाट बघतेय. बातम्यांत आम्ही दोन दिवस असतो. नंतरचे सहा महिने, जेव्हा धान्याला वास येतो आणि म्हातारी माणसं रात्री पावसाचा आवाज आला की उठून बसतात, ते कुठंच नाहीत.

---

पेठेतला

सगळे प्रतिसाद वाचले. दरबाराबद्दलचं माझं मत कायम आहे, पण एका गोष्टीवर मलाही लिहावंसं वाटतं, कारण ती शहरात बसून झालेल्या कामाची आहे.

जगदीश खेबुडकर राधानगरी रस्त्यावरच्या हळदीचे, १९३२ चा जन्म, पेशानं शिक्षक. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'साठी (१९६५) त्यांनी 'ऐरणीच्या देवा तुला' लिहिलं. संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर. लोहाराचं घर, भाता, ऐरण, ठिणगी आणि नवराबायकोचं एकमेकांवरचं प्रेम. त्या गाण्यात डोंगर नाही, झाड नाही. तरी ते ऐकलं की मला आमच्या आजोळचा लोहारवाडा दिसतो. घणाचा ठोका चालीत इतका मुरलाय की तो काढला तर चाल पडेल. सर म्हणतात ती राबती जमीन म्हणजे नुसतं शेत नव्हे, त्यात अवजार बनवणारा लोहार, सुतार, चर्मकारही आले, हे मी आनंदानं मान्य करतो. आणि हलगीदादा, तुमच्या आज्जाच्या मोटेच्या ठेक्याबद्दल जे लिहिलंत, ते या गाण्याच्या शेजारी ठेवून ऐकावंसं वाटलं.

फक्त एवढंच म्हणेन की खेबुडकरांना भालजी भेटले, जयप्रभा स्टुडिओ होता, वाद्यवृंद होता. हळदीत बसून ते गाणं आपल्या कानापर्यंत आलं नसतं.

---

नवी_वही

मी कलाशाखेची विद्यार्थिनी, मूळची नागपूरची, यंदाच कोल्हापुरात आले. धागा वाचून भारावले आहे. मला निसर्गचित्रासाठी बाहेर पडायचंय, रविवारी फक्त वेळ असतो. कुठून सुरुवात करू? सगळे पन्हाळा आणि रंकाळा सांगतात.

---

तांबडा_माळ

नवी_वही, रंकाळ्याला जरूर जा, पण संध्यामठाच्या बाजूला आणि भेळेच्या गाड्या लागायच्या आत. पाण्याची पातळी खाली असेल तर मठाचे दगड पूर्ण दिसतात. आबालालनी ती जागा का धरली असेल ते बघत बस, पहिल्या दिवशी रंगपेटी उघडू नकोस.

नंतर पंचगंगा घाट. तिथल्या पायऱ्या, दीपमाळा, छोटी देवळं यांत काळ्या दगडाचे इतके करडे रंग आहेत की काळा ट्यूब लागणार नाही. रविवारी सकाळी तिथं आर्टचे विद्यार्थी बसलेले असतात. ओळख करून घे, इथली माणसं नवख्याला जागा देतात.

जुलै-ऑगस्टमध्ये एकदा गगनबावड्याची एसटी पकड. मोठा कागद नेऊ नकोस, भिजेल. छोटी वही आणि पेन्सिल पुरे. कळे सोडलं की भातखाचरं सुरू होतात. कुठल्याही बांधावर परवानगी विचारून बस. रोप लावण चालू असेल तर बायकांच्या पाठींच्या वाकण्याची एक रांग दिसेल, ती काढ. आणि काढून झालं की चित्र त्यांना दाखव. त्या चुका बरोबर सांगतात. माझ्या एका चित्रातल्या बाईचा हात बघून एक मावशी म्हणाली होती, असं धरलं तर रोप तरंगंल.

पूर्वेला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, खिद्रापूरला. नदीकाठ यांनी लिहिलेली पुराची रेघ वाटेतल्या गावांतून अजून दिसते.

पन्हाळा शेवटी ठेव. तिथं दृश्य इतकं तयार मिळतं की हात आळशी होतो.

---

रंगपेटी

सरांच्या यादीत एक भर: राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे संग्रहालय आधी बघ, मग गगनबावडा. निघायच्या आधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घे. आणि पावसात जलरंग करणार असशील तर मीही येते, पुढच्या रविवारी मी मोकळी आहे. वाटेत एखादं गुऱ्हाळ चालू आहे का तेही बघू. कुणाला डोंगरी भागात किंवा नदीकाठी अजून पहाटे पेटणारं गुऱ्हाळ माहीत असेल तर कृपया इथं गावाचं नाव लिहा.

---

हलगी_घुमकं

ताई, पावसात कुठलं गुऱ्हाळ, दिवाळीनंतर या. आमच्या भावकीचं हाय, भोगावतीकाठी. पहाटं चारला जाळ लागतोय. गावाचं नाव निरोपात पाठिवतो. येताना स्वेटर घालून या, आनि त्या नागपूरच्या पोरीलाबी घेऊन या.